डब्यातली धवलारीण

यंत्राच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. भिवंडीत लूमच्या कारखान्यात मी जॉबर आहे, म्हणजे लूम बिघडला की मालक देवाच्या आधी माझं नाव घेतात. आईला जसं रडण्यावरून कळतं, पोराला भूक लागलीय की पोट दुखतंय, तसं मला खडखडाटावरून कळतं, कुठला दात झिजलाय आणि कुठला पट्टा सैल पडलाय.

माझ्या आजोबांच्या काळी शहरात एका हातमागावर एक माणूस बसायचा आणि संध्याकाळपर्यंत कमरेतून वाकून जायचा. आता आमच्या शेडमध्ये एक माणूस चार लूम सांभाळतो, वर मधूनमधून विडीही ओढतो. मग मला सांगा, एक माणूस चार लूम चालवतो, तर एक धवलारीण दोन लग्नं का नाही लावू शकणार?

हा विचार माझ्या डोक्यात आला तो आणीबाणी उठली त्या वर्षीच्या वैशाखात. माझ्या बहिणीचं, काशीचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा नवशा, वज्रेश्वरीकडचा. पोर कष्टाळू, रंगानं सावळा, बोलायला कमी. सगळं जुळलं होतं आणि धवलारीण मिळत नव्हती.

आम्हा आगऱ्यांत लग्न लावते ती धवलारीण. ती गाते आणि तिच्या गाण्यावर मांडव हलतो. तिने गायलं की हळद घ्या, तर हळद घ्यायची. तिने गायलं की पाणी घाला, तर पाणी घालायचं. तिने गायलं नाही ते झालंच नाही असं धरतात. पोथी नाही, पुस्तक नाही, सगळं लग्न तिच्या गळ्यात. आणि एकदा धवला, म्हणजे तिचं हे लग्नाचं गाणं, सुरू झाला की तो मधे तोडायचा नाही. धवला तुटला तर लग्न तुटलं.

आमच्या पूर्णा गावात धवलारीण एकच, आक्का. तिचा आवाज म्हणजे खाडीतली भरती. येताना कळत नाही, आणि बघावं तर पायाखाली पाणी. पण शेजारच्या काल्हेर गावच्या केसरीनाथशेटनी त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी तिला दिवाळीतच सुपारी देऊन ठेवलेली, आणि दोन्ही लग्नं एकाच दिवशी.

"आक्का न्हाय तं लगीन न्हाय," आई म्हणाली.

"आक्का येणार. काल्हेरलाही जाणार आणि आपल्याकडंही येणार."

"म्हंजे? तिला काय मधून कापनार हायेस?"

मी हसलो. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला टेपरेकॉर्डर तिच्यासमोर ठेवला. काळा, चकचकीत, पुढे जाळी, वर पाच बटणं. आईने त्याला नमस्कार केला. मग विचारलं, हे काय आहे.

कारखान्यात मी ही योजना इदरीसचाचांना सांगितली. चाचा आमचे सगळ्यांत जुने विणकर. त्यांनी कानातला कापूस काढला, सगळं ऐकलं आणि विचारलं, "दामूभाई, धागा टूटता है तो लूम रुक जाता है. तुम्हारी शादी में धागा टूटा तो डब्बा रुकेगा?"

"शादी में धागा कहाँ से आया, चाचा?"

"यही तो पूछ रहा हूँ," म्हणाले, आणि कापूस परत कानात घातला.

लग्नाच्या आधीच्या हप्त्यात मी डबा घेऊन आक्काच्या ओटीवर गेलो. आक्का तांदूळ पाखडत होती. तिची सून तुळजा चुलीपाशी होती. मी आक्काला समजावलं, की तू आज गा, लग्नाच्या दिवशी हा डबा तुझ्या आवाजात गाईल, आणि तू खुशाल काल्हेरला जा.

"मी गाऊ कुनापुढं?"

"ह्या जाळीपुढं."

"जालीला डोलं न्हाय. हलद लागली का न्हाय, ते मना कोन सांगंल?"

"कुणी सांगायचं नाही. तू गात राहायचं."

"मंग मना कसं कलंल, थांबायचं का पुढं जायचं?"

"थांबायचंच नाही आक्का, हीच तर मजा आहे."

आक्काने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या जन्माच्या वेळीही तिने मला असंच पाहिलं होतं, असं आई सांगते. मग तिने एक पाट मांडला, डबा त्यावर बसवला, जाळीच्या वर कुंकवाचं बोट टेकवलं. "पावनी हाय," म्हणाली, "तशी कशी बसवायची."

मला दुसऱ्या शिफ्टची घाई होती. मी सर्वांत लांब कॅसेट घातली, लाल बटण दाबलं, कुठलं बटण दाबून बंद करायचं ते तुळजाला दाखवलं आणि भिवंडीची एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी डबा घरी आणून सुरुवात ऐकली. आवाज असा स्वच्छ, की बांगड्यांची किणकिणसुद्धा ऐकू येत होती. पुढचं ऐकलं नाही. कापडाच्या ताक्याची पहिली घडी उलगडून सगळा माल ओळखणारा माणूस मी, सबंध ताका उलगडत बसतो होय?

लग्नाचा दिवस उजाडला. मोरू लाऊडस्पीकरवाल्याने एक भोंगा मांडवात बांधला आणि दुसरा आंब्यावर चढवला.

"दादा, याचं तोंड कुठं करू?"

"काल्हेरकडं कर. केसरीनाथशेटना कळू दे, पूर्ण्यालाही कारागीर आहेत."

नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन बायका आल्या. त्यांच्या पुढे नवशाची आत्या, जानकीबाई. नवशा लहानपणीच आईबापाविना झाला, तिने त्याला वाढवला. बाई उंच, ताठ, हातात हळदीची वाटी अशी धरलेली, की जणू वाटीत हळद नसून नवशाच आहे. तिने आल्या आल्या मांडव पाहिला, मेढी पाहिल्या, काशीला पाहिलं, आणि मग स्टुलावरचा डबा पाहिला.

"धवलारीन कुटं हाय?"

"ही काय, आत्याबाई. आक्काच आहे, फक्त डब्यात."

"आनि मधी दम लागला तं?"

"डब्याला दम लागत नाही."

"धवला सुरू झाला का तोडायचा न्हाय. त्याला म्हाईत हाय ना?"

"त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

मांडवात आक्का भरून आली. पयला धवला धरतीच्या मातीला, दुसरा धवला दिव्याच्या वातीला. बायकांच्या हातातली कामं थांबली. आईने पदर डोळ्यांना लावला. जानकीबाईची मान नकळत हलू लागली. आक्काने काशीचं नाव घेतलं, तेव्हा काशी जाळीकडे बघून लाजली. मी मेढीला टेकून उभा राहिलो. नवीन लूम पहिल्याच दिवशी न अडखळता चालला, की मालक असेच उभे राहतात.

मग हळदीचा धवला आला. बायकांनी वाटी घेतली, बोटं बुडवली, काशीच्या एका गालाला हळद लागली, आणि आक्का आंघोळीच्या धवल्यावर गेली.

आक्का समोर असती तर थांबली असती. हळद दुसऱ्या गालाला लागली का, कुणाची बोटं राहिली का, रुसलेली मामी पुढे आली का, सगळं बघून तिने तोच धवला पुन्हा एकदा घोळवला असता. डबा थांबेना. मामी तांब्या घेऊन धावली. अर्धी हळद आणि अर्धी आंघोळ अशा अवस्थेत काशीला बांगड्यांचा धवला लागला. एक बाई डाव्या हातात बांगड्या भरतेय, दुसरी उजव्या पायाला हळद लावतेय, तिसरी डोक्यावर पाणी घालतेय आणि चौथी तेच डोकं पुसतेय. आमच्या शेडमध्ये चांगल्या शिफ्टलासुद्धा असा वेग मी पाहिला नव्हता. खरं सांगतो, मला बरं वाटलं. उत्पादन म्हणतात ते हेच.

"जरा थांब गो बाई," आई डब्याला म्हणाली. डब्याने वेणीचा धवला सुरू केला.

इतक्यात आक्का त्याच चालीत गायली:

"पाट सरकव गो तुळजा, ऊन आलं पाटाला..."

काशी सावलीत होती. तरी धवलारीण म्हणते तर पाट सरकवायला हवा. पण तुळजा कोण?

"तुमच्यात तुलजा कोन हाय?" जानकीबाईने विचारलं. "नाव घेतलंय म्हंजे तिचा मान हाय."

आमच्यात कुणी तुळजा नव्हती. पण मान म्हटल्यावर दूरच्या एका मामीला आठवलं, की लग्नात तिचं नाव तुळजाच ठेवणार होते. ती पुढे आली आणि तिने पाट काशीसकट ओढून बरोबर उन्हात नेला.

मला त्या वेळीच कळायला हवं होतं. पण मी समजूत घातली, की असेल एखादी जुनी रीत. पुढची ओळ आली:

"कोंबरी गेली घरात गो, हाकला तिला भायेर..."

आणि मंडळी, तेव्हा कुठे मला उमजलं. आक्काच्या ओटीवर कोंबड्या होत्या. धवला तोडायचा नाही, हे आक्काला कुणी सांगावं लागत नाही. मी शिफ्टला निघून गेलो, ती गात राहिली, आणि तिच्याभोवती तिचं घर चालू राहिलं. कोंबडी आत गेली, उन्हं पाटावर आली, आणि आक्काने गाणं न तोडता सुनेला सगळी कामं त्याच चालीत सांगितली. तेवढं सगळं माझ्या डब्याने इमानदारीने भरून घेतलं होतं. आणि अजून निम्मी कॅसेट बाकी होती.

मांडवातल्या बायकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे अडचण एवढीच, की घरात कोंबडी नव्हती. मग शेजारून एक आणली. तिला कुंकू लावलं, घरात सोडलं, आणि पाच सवाशिणींनी सुपं वाजवत तिला बाहेर हाकललं. कोंबडी फार घाबरली. काम मात्र नीट झालं.

"आमच्याकडं वज्रेस्वरीला ही रीत न्हाय," जानकीबाई आईला हळूच म्हणाली. "पन तुमची हाय तं असू दे. चांगली हाय."

आईने हसून मान डोलावली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपली न्हाय रं ही. मना वाटलं, त्यांची हाय. मान राखला."

असा दोन्ही घरांनी एकमेकांचा मान राखायला सुरुवात केली. डबा म्हणाला, चुलीवरचं उतरव गो, करपंल. मागे आचाऱ्यांनी भाताचं पातेलं तसंच उतरवलं, तांदळाला अजून पाणीही नीट लागलं नव्हतं. डबा म्हणाला, ते गोधडं वाळत घाल. नवऱ्याकडच्या बायकांनी आमच्या घरातलं गोधडं शोधून मांडवाच्या दोरीवर घातलं आणि त्यालाही हळदीचं बोट लावलं.

मी स्टुलाकडे सरकलो. हात बटणावर जाणार, तोच जानकीबाईने मनगट धरलं. बाईची पकड म्हणजे आमच्याकडचा मोठा पाना.

"काय करतोस?"

"आत्याबाई, जरासं बंद करतो. थोडी गफलत झालीय."

"धवला तोरनार? भावानंच?"

मी मोरूकडे पाहिलं. मोरूने डोळ्यांनी खूण केली, की जमणार नाही. "दादा, माझ्या लाऊडस्पीकरवर लगीन मोडलं असं झालं, तर उद्या मला सत्यनारायणालाही कोणी बोलावनार न्हाय."

तेवढ्यात लांबून ताशा ऐकू आला. नवरा आला.

नवशा बाशिंग बांधून, हातात कट्यार घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. उन्हातून चालत आलेला, घामाने निथळलेला, होता त्याहून सावळा दिसत होता. ताशा थांबला. आई आरतीचं ताट घेऊन पुढे झाली. सगळा मांडव कान देऊन उभा राहिला, की आता आक्का नवऱ्याला कसं घेते. आणि दोन्ही भोंग्यांतून आक्का कडाडली:

"आला गो आला, काला मेला दारी आला,
दार लाव गो तुळजा, काठी घे हाताला..."

आरतीचं ताट जिथल्या तिथे थांबलं. मांडवाला दार नव्हतं. पण माझे सावळाराममामा आज्ञाधारक माणूस. त्यांनी बाजूची बाज उचलली आणि मांडवाच्या तोंडाला आडवी लावली. मघाच्या तुळजामामीने काठी घेतली. तिला बिचारीला आता मागे हटता येत नव्हतं.

"शिंगं धर गो त्याची, मान घाल खाली,
मागल्या खेपंला यानं खाल्ली माझी चोली..."

मामांनी नवशाकडे नीट पाहिलं. शिंगं नव्हती. मग त्यांना बाशिंग दिसलं. त्यांनी अगदी अदबीने, "माफ करा हां पावनं," असं म्हणून दोन्ही बाजूंनी बाशिंग धरलं आणि नवशाची मान खाली घातली. बाशिंगाचा एक तुरा त्यांच्या हातात आला. नवशा खालच्या मानेनेच म्हणाला, "मी चोली खाल्ली न्हाय."

जानकीबाई आईकडे वळली. "ही बी तुमचीच रीत?"

"तुमची न्हाय?" आई म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळपासून राखलेला सगळा मान तेवढ्यात जमिनीवर सांडला.

"माझ्या पोराला काला म्हनली. मेला म्हनली. काठी काढली, बाशिंग तोरलं, वर चोली खाल्ल्याचा आल घेतला." जानकीबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "सरल सांगायचं हुतं, पोरगा पसंत न्हाय. कोंबरी कशाला नाचवली?"

तिने हळदीची वाटी उचलली आणि पदराखाली घेतली. नवऱ्याकडच्या बायका उठल्या. बाहेर कुणीतरी गाडीला बैल जुंपायला गेलं. आक्काच्या घरी त्या दिवशी जो कुणी दारी आला होता तो भलताच चिवट असावा, कारण भोंगा तीच दोन कडवी पुन्हा पुन्हा घोळवत होता. दार लाव गो तुळजा, काठी घे हाताला.

काशी पाटावरून उठली. एक गाल पिवळा, एक कोरा, केस ओले, एकाच हातात बांगड्या. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, ती वाटी गेली ना, तं मना या डब्याशीच लगीन लावून दे. तुला दोघांची कालजी घ्यायला बरं परंल." रडू आवरत होती.

मंडळी, मी आयुष्यात कितीतरी लूम बंद केलेत. त्या दिवशी एक बटण मला दाबता येत नव्हतं. दाबलं तर धवला तुटून लग्न मोडणार, न दाबलं तर धवला पुरा होऊन लग्न मोडणार.

तेवढ्यात बाजेपलीकडे एक जीप येऊन थांबली. तीतून केसरीनाथशेट उतरले, लग्नघरच्या फेट्यासकट.

"दामू," म्हणाले, "तुझा भोंगा आमच्या तोंडावर हाय. आमची आक्का मांडवात पानी पीत बसली हुती, आनि आभालातून दुसरी आक्का आमच्या बायकांना शिव्या देत हुती. आमच्याकडं बी कोंबरी हाकलली. भात उतरवला. आता आमचं लगीन लागलं कसंबसं, तवा ही खरी आक्का बी तूच ठेव, पन एकीलाच बोलू दे."

जीपमधून आक्का उतरत होती. मी बाज ओलांडून तिच्याकडे धावलो. "आक्का, बंद कर तिला. तू सांगितलंस तर ऐकतील."

आक्काने मला हाताने गप्प केलं. ती भोंग्याकडे मान वर करून ऐकत होती. साऱ्या गावाची लग्नं तिने लावली, पण तिचा धवला तिने कधी ऐकला नव्हता. ऐकते कशी, ती तर गात असायची. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पहिल्यांदा आरशात बघणाऱ्या मुलीसारखी ती बघत होती.

"गाऊ दे तिला," म्हणाली. "धवला तोरायचा न्हाय."

जानकीबाई वाटी घेऊन बाजेपाशी पोचली होती. आक्का तिच्या वाटेत आडवी उभी राहिली, भोंगा एका कडव्यावरून दुसऱ्यावर जाताना श्वास घेतो तेवढ्या फटीत शिरली, आणि तिने खरा आवाज लावला:

"काला तो बोकर गो, कुंपनाच्या भायेरचा,
सावला हा जावय गो, माझ्या काशीच्या मायेरचा..."

मांडवात कुणीतरी हसलं. बोकड. म्हणजे शिंगं. म्हणजे चोळी. वाऱ्याने भात हलावा तसं हसू या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं. भोंगा म्हणाला, दार लाव गो. आक्का म्हणाली, दाराला लाव हलद. भोंगा म्हणाला, काठी घे हाताला. आक्का म्हणाली, काठीला बांध तोरन. भोंग्यातली आक्का बोकडाला हाकलत होती आणि जमिनीवरची आक्का त्याच शब्दांना धरून नवऱ्याला आत घेत होती. एक धागा आडवा, एक उभा. गाता गाता आक्काने जानकीबाईच्या पदराखाली हात घातला, वाटी काढली, तीत बोट बुडवलं आणि काशीच्या कोऱ्या गालाला लावलं. मग थांबली. खरंच थांबली. जानकीबाईच्या डोळ्यांत बघून तेच कडवं तिने पुन्हा घोळवलं, तिचं नाव घालून, पोर वाढवलेल्या हातांचं नाव घालून, आणि भोंगा पुढे गेला तरी ती तिथेच राहिली, जानकीबाईची मान हलेपर्यंत.

मामांनी बाज काढली. हातातला तुरा नवशाच्या बाशिंगात परत खोचला, उलटा. आईने आरती ओवाळली.

दोघींचा धवला जवळजवळ एकदमच संपला. आक्का गप्प झाली. भोंग्यात मात्र एक कोंबडा आरवला आणि तुळजाचा आवाज आला, "झालं का गो गाऊन? भाकर वारू?" आणि आक्काचा, "वार. आनि या डब्याला इच्यार, ह्यो काय खातो."

धवलारीण म्हणाली वाढ, म्हणून मंडळी पंगतीला बसली. भात कच्चा होता. मंडळींनी तो चावून खाल्ला.

जेवणं झाल्यावर जानकीबाईने आक्काला सरळ विचारलं, "आता खरं सांग. हे लगीन लागलं का न्हाय?"

"न लागाया काय झालं? दोघींनी मिलून लावलं. एका लग्नाला दोन धवलारनी, असं केसरीनाथच्या घरी बी झालं न्हाय."

जानकीबाईने हे मनात दोनदा फिरवलं. तिचा ताठपणा परत आला, पण आता तो आमच्या बाजूचा होता. "आमच्या नवशाच्या लग्नाला दोन," ती तिच्या बायकांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंग मान बी दोघींचा. दोन लुगरी कार."

मी म्हणालो, "आत्याबाई, एक यंत्र आहे."

"गायली का न्हाय ती?"

मी आईने जपून ठेवलेलं दुसरं लुगडंही काढून आणलं. आता जानकीबाईला प्रश्न पडला, की डब्यातलीला कुठल्या रंगाचं द्यायचं.

"हिरवं दे तिला," आक्का म्हणाली. "मी गायले त्याला हप्ता झाला. म्हंजे माझ्यापेक्षा तेवरी तरनी हाय ती."

तिने डबा हिरव्या लुगड्यात गुंडाळला, कडेवर घेतला आणि घरी निघाली. मी मागून म्हणालो, की आक्का, डबा माझा आहे. तिने मागे न बघता सांगितलं, "लग्नाला आलेल्या बाईला एकटी घरी पाठवतात होय?"

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. भिवंडीला जाता-येता मी आक्काच्या ओटीवर डोकावतो. डबा कोनाड्यात असतो, हिरवं लुगडं खांद्यावरून घेतलेला, जाळीवर ताजं कुंकू. तुळजा सांगते, की दुपारी दोघी समोरासमोर बसून गातात. एकीचं चुकलं की दुसरी थांबते. थांबते ती कुठली, हे विचारायची गरज पडत नाही. मी खाकरतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, "आक्का, तो डबा जरा पाहिजे होता."

आक्का तोंडावर बोट ठेवते.

"हलू बोल रं. आत्ताशी कुटं डोला लागलाय तिचा."

मग मी चपला हातात घेतो आणि पावलांचा आवाज न करता घरी येतो.